माऊस की ट्रॅकपॅड: आपल्या हाताला काय झेपतं ते शोधायची पद्धत

मी कित्येक वर्षं माऊसशिवाय लॅपटॉप उघडलाच नाही. चार्जर विसरला तरी चालेल पण माऊस बॅगेत हवा, अशी गत होती. मग एकदा प्रवासात डोंगल, म्हणजे बिनतारी माऊससाठी लॅपटॉपमध्ये खोचायचा तो चिमुकला तुकडा, कुठेतरी पडलं आणि तीन दिवस नुसत्या ट्रॅकपॅडवर काढावे लागले. पहिला दिवस चिडचिड करण्यात गेला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की वाचणं, मेल बघणं, दहा टॅबमध्ये इकडून तिकडे फिरणं हे सगळं मी आधीपेक्षा आरामात करतोय, आणि जीव जातोय तो फक्त एक्सेलमध्ये फॉर्म्युला तीनशे ओळी खाली ओढायला घेतला की.

तेव्हापासून "माऊस भारी की ट्रॅकपॅड?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, तुझ्या कामात ओढणं किती आणि सरकवणं किती? बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

हातानं आपण स्क्रीनवर मुळात तीनच गोष्टी करतो. एक, नेम धरणं, म्हणजे बाण बटणावर नेऊन क्लिक करणं. दोन, सरकवणं, म्हणजे स्क्रोल. तीन, ओढणं, म्हणजे बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून हलवायचं. माऊसवर ओढताना दाबायचं काम बोट करतं आणि हलवायचं काम मनगट नाहीतर कोपर करतं, दोघांची कामं वेगळी. ट्रॅकपॅडवर मात्र बहुतेक वेळा त्याच बोटानं दाबायचं आणि त्याच बोटानं घासत पुढे जायचं असतं, दाबलं की घर्षण वाढतं, घर्षण वाढलं की बोट अडकतं, आणि सगळं जमलं असं वाटेपर्यंत पॅडची कडा येते. सरकवण्याचं बरोबर उलटं आहे. माऊसचं चाक एकच बोट आखडून एकेक खाच फिरवायचं, तर ट्रॅकपॅडवर दोन बोटं नुसती टेकवून सरकवली की पान वाहतं, आडवंसुद्धा. मोठी शीट डावीउजवीकडे बघायची असेल तर साधा माऊस तिथे पार उघडा पडतो (शिफ्ट दाबून चाक फिरवलं की बऱ्याच ठिकाणी आडवं सरकतं, हे कितीतरी जणांना ठाऊकच नसतं).

नेम धरण्याचं गणित पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली मांडलं, तेव्हा माऊस जन्मालाही आला नव्हता. लक्ष्य जितकं लांब आणि जितकं बारीक, तितका तिथे पोचायला वेळ जास्त, असा त्याचा सार. म्हणून मोठ्या मॉनिटरवर, लांबच्या कोपऱ्यातल्या बारक्या आयकॉनसाठी माऊस जिंकतो आणि लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर फरक फारसा जाणवत नाही. दोन्ही वस्तूंच्या जन्मकथेतही फरक जागेचाच आहे म्हणा. डग्लस एंगलबार्ट या संशोधकानं ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत लोकांसमोर माऊस चालवून दाखवला, त्याचा पहिला नमुना म्हणजे लाकडाची डबी आणि खाली एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाकं, आणि तो चालवायला समोर टेबल आहे हे गृहीतच होतं. लॅपटॉप आले तेव्हा ते टेबलच गायब झालं. मग कुणी ट्रॅकबॉल, म्हणजे बोटानं फिरवायचा गोळा बसवला, आयबीएमनं १९९२ च्या थिंकपॅड ७०० सी मध्ये कीबोर्डच्या मधोमध बोटानं ढकलून बाण हलवायची लाल टोपी लावली, अॅपलनं १९९४ च्या पॉवरबुक ५०० मालिकेत ट्रॅकपॅड दिलं. म्हणजे ट्रॅकपॅड माऊसला हरवायला आलेलंच नाही, टेबल नसलं तरी काम चालावं म्हणून आलं.

असो. आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

पहिली पायरी: आधी अंगण सरळ करा

"नाचता येईना अंगण वाकडं" असं आपण म्हणतो, पण इथे बऱ्याचदा अंगण खरोखर वाकडं असतं. ट्रॅकपॅड आवडत नाही म्हणणाऱ्या माणसाचा लॅपटॉप हातात घ्या, दहापैकी बऱ्याच वेळा सेटिंग कंपनीनं दिलं तसंच पडलेलं असतं. त्यामुळे निर्णय घ्यायच्या आधी अर्धा तास इथे घालवा.

विंडोज ११ असेल तर सेटिंग्ज, मग ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, मग टचपॅड (विंडोज ट्रॅकपॅडला टचपॅड म्हणतं). तिथे दोन गोष्टी लोक हमखास एक समजतात. कर्सर स्पीड म्हणजे बाण किती वेगानं पळतो. सेन्सिटिव्हिटी वेगळी, ती ठरवते की टाईप करताना तळवा चुकून लागला तर पॅडनं किती मनावर घ्यायचं. तुम्ही लिहिताय आणि मधेच कर्सर भलत्या ओळीत उडी मारतो, अर्ध वाक्य वरच्या परिच्छेदात जाऊन पडतं, असं होत असेल तर स्पीडला हात लावू नका, सेन्सिटिव्हिटी एक पायरी खाली आणा. एका बोटानं टॅप म्हणजे क्लिक आणि दोन बोटांनी टॅप म्हणजे राईट क्लिक, हे दोन्ही चालू ठेवा. तीन बोटांच्या टॅपला मिडल क्लिक (माऊसचं चाक दाबल्यावर होतं ते) नेमून द्या, म्हणजे लिंकवर तीन बोटं टेकवली की ती नव्या टॅबमध्ये उघडते आणि टॅबवर टेकवली की तो बंद होतो. एवढ्या एका गोष्टीसाठी मी ट्रॅकपॅडला अर्ध माफ केलंय.

मॅकवर टॅप टू क्लिक मुळात बंद असतं, सिस्टीम सेटिंग्जमध्ये ट्रॅकपॅडखाली जाऊन चालू करा. आणि खरा खजिना मात्र लपवून ठेवलाय: अॅक्सेसिबिलिटी, पॉइंटर कंट्रोल, ट्रॅकपॅड ऑप्शन्स, आणि तिथे ड्रॅगिंगसाठी तीन बोटांची पद्धत निवडा. मग दाबायची गरजच उरत नाही, तीन बोटं टेकवून सरकवली की खिडकी, फाईल, निवडलेला मजकूर सगळं ओढलं जातं. फक्त त्यानंतर तीन बोटांचे आधीचे इशारे चार बोटांवर जातात, त्याची सवय व्हायला दोन दिवस लागतात. ओढणं हीच ट्रॅकपॅडची दुखरी नस असेल तर तिच्यावर मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय हा.

लिनक्सवर नोम हा डेस्कटॉप असेल तर सेटिंग्जमध्ये माऊस अँड टचपॅड असं पान आहे, टॅप टू क्लिक आणि टाईप करताना पॅड बंद ठेवणं, दोन्ही तिथे बघा.

स्क्रोलच्या दिशेवरून भांडणं होतात. बोटं वर नेली की पान वर जावं हा नॅचरल प्रकार, अॅपलनं मॅकच्या २०११ च्या लायन आवृत्तीत तो मुळातच चालू करून दिला आणि लोक वैतागले. माझं मत, ट्रॅकपॅडवर नॅचरल ठेवा कारण फोनवर रोज तेच करता, आणि माऊसच्या चाकावर जुनी दिशा ठेवा. गंमत अशी की मॅकवर हे दोन्ही एकाच दोरीला बांधलेले आहेत, इथे बदललं की तिथेही बदलतं, वेगळं करायला बाहेरचं छोटं सॉफ्टवेअर टाकावं लागतं.

आता माऊस. विंडोजमध्ये माऊसच्या जादा सेटिंग्जमध्ये एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन असं एक चौकोन टिक केलेलं असतं. नाव अचूकतेचं, पण काम असं की हात जोरात हलवला तर बाण प्रमाणाबाहेर लांब जातो, हळू हलवला तर कमी. त्यामुळे तेवढंच अंतर हात हलवूनही बाण दरवेळी वेगळीकडे पोचतो आणि हाताला अंदाज बसत नाही. ते काढा आणि चार दिवस द्या, पहिल्या दिवशी माऊस जड झाल्यासारखा वाटेल. ट्रॅकपॅडला मात्र हा कमीजास्त वेग लागतोच, कारण तळहाताएवढ्या जागेतून अख्खी स्क्रीन पार करायची असते.

डीपीआय म्हणजे माऊस एक इंच हलला की तो हालचालीचे किती टप्पे मोजून पाठवतो. वेग मधोमध आणि ते टिक काढलेलं असेल तर ८०० डीपीआयवर १९२० पिक्सेल रुंदीची स्क्रीन पार करायला साधारण २.४ इंच हात हलवावा लागतो, आणि ३८४० पिक्सेलच्या फोर के मॉनिटरवर तेच ४.८ इंच. म्हणून मॉनिटर बदलल्यावर "माऊस मंद झाला" असं वाटतं. १६०० करा, हिशोब जागेवर. डब्यावर पंचवीस हजार वगैरे आकडे छापलेले असतात, ते बघून भुलू नका, ऑफिसच्या कामात ८०० ते १६०० च्या पुढे सहसा कुणी जात नाही.

दुसरी पायरी: बिघाडाला आवडनिवड समजू नका

हे मी मुद्दाम वेगळं काढतोय, कारण माझ्या एका मित्रानं ट्रॅकपॅड कायमचं सोडलं होतं आणि दोष निघाला चार्जरचा. ट्रॅकपॅड बोटातल्या विद्युतभाराच्या बारीक फरकावर चालतं, चार्जर हलका असेल किंवा सॉकेटला नीट अर्थिंग नसेल तर तिथून येणारा गोंगाट पॅडला बोटासारखा भासू शकतो आणि बाण थरथरतो, उड्या मारतो. तपासणी एकदम सोपी: चार्जर काढा, दोन मिनिटं बॅटरीवर चालवा. थरथर थांबली तर चोर सापडला. बोट ओलं असेल, क्रीम लावलेलं असेल तरी असंच होतं, पॅड आणि बोट दोन्ही कोरडं पुसून बघा.

आणि एक गोष्ट गंभीर आहे. पॅडचं क्लिक हळूहळू कडक व्हायला लागलं, एका बाजूनं पॅड वर आल्यासारखं दिसतंय, किंवा टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डगमगतो, तर खाली बॅटरी फुगलेली असू शकते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी पॅडच्या बरोबर खाली किंवा शेजारी असते. अशा वेळी दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, चार्जिंग थांबवा, मशीन बंद करा आणि दुरुस्तीला द्या. ते फुगलेलं पाकीट टोचलं किंवा दुमडलं तर पेट घेऊ शकतं.

माऊसचे रोग वेगळे. एकदा दाबलं की दोनदा क्लिक होतंय, फाईल निवडायला जावं तर ती उघडते, ओढताना मधेच सुटते, तर आतला छोटा स्विच झिजला समजा. बिनतारी माऊस अडखळत चालत असेल तर डोंगल कुठे खोचलंय ते बघा. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारं डोंगल यूएसबी ३ च्या हार्डडिस्कच्या अगदी शेजारी असेल तर फाईल कॉपी सुरू झाली की बाण लंगडतो, कारण यूएसबी ३ चा गोंगाट त्याच पट्ट्यात येतो. डोंगल दुसऱ्या बाजूला लावा किंवा छोटी एक्स्टेन्शन वायर लावून लांब न्या, झालं काम. शेवटचा बघायचा तो पृष्ठभाग: ऑप्टिकल माऊसच्या पोटात बारका कॅमेरा असतो, तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढून दोन फोटोंतला फरक मोजतो. पारदर्शक काचेवर त्याला दिसायलाच काही नसतं, बिचारा काय मोजणार. माऊस उलटा करून भिंगाच्या खिडकीत केस अडकलाय का तेही बघून घ्या, एक केस पुरतो.

तिसरी पायरी: अर्धा तास मोजा

एक कागद घ्या, त्यावर तीन रकाने पाडा: नेम, सरक, ओढ. नेहमीचं काम अर्धा तास करा आणि जे जे कराल त्याची रेघ मारत जा. अगदी काटेकोर नको, अंदाज आला तरी पुष्कळ. मी हे केलं तेव्हा स्वतःबद्दलच चकित झालो, मला वाटायचं माझं काम क्लिकचं आहे आणि कागदावर सरकचा रकाना ओसंडून वाहत होता, ओढच्या रकान्यात जेमतेम आठ-नऊ रेघा. पण त्या आठ-नऊ रेघांनीच सगळा वैताग दिलेला, म्हणून लक्षात तेवढ्याच राहिलेल्या.

मग पुढचा प्रश्न: यातलं किती ओढणं खरंच गरजेचं आहे? कारण निम्मं आपण सवयीनं करतो. मजकूर निवडायला ओढत जायची गरज नाही, सुरुवातीला क्लिक करा, शेवटाशी जाऊन शिफ्ट धरून क्लिक करा, मधलं सगळं निवडलं जातं, तो मजकूर पाच पानांचा असला तरी. एक्सेलमध्ये फॉर्म्युला खाली न्यायचाय? सेलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातला तो छोटा चौकोन ओढू नका, त्याच्यावर डबल क्लिक करा, शेजारच्या रकान्यात जिथपर्यंत डेटा आहे तिथपर्यंत तो आपणहून भरतो. माझ्या त्या तीनशे ओळींचं उत्तर एवढंसंच होतं आणि मी तीन दिवस बोट घासत बसलो होतो. फाईल एका फोल्डरातून दुसऱ्यात न्यायला कंट्रोल एक्स, कंट्रोल व्ही. मॅकवर कमांड सी आणि नंतर कमांड ऑप्शन व्ही.

हे सगळं वजा केल्यावर जे ओढणं उरतं ते खरं. फोटो कापणं, डिझाईनमध्ये वस्तू हलवणं, व्हिडिओच्या पट्टीवर तुकडे जुळवणं, नकाशे, थ्री डी, गेम्स. यात दिवसाचा बराच वेळ जात असेल तर वाद घालू नका, माऊस घ्या. वाचन, लिखाण, मेल, मीटिंगा, कोड वाचणं असं असेल तर ट्रॅकपॅडला प्रामाणिकपणे संधी द्या, कारण कीबोर्डवरून हात उचलायचा नाही, अंगठ्यापासून दोन इंचांवर पॅड, हा फायदा फार मोठा आहे आणि तो पहिल्या दिवशी जाणवत नाही.

चौथी पायरी: चार दिवस एकच, मग चार दिवस दुसरं

तासाभराची परीक्षा निरुपयोगी आहे, त्यात जिंकते ती सवय. सलग चार दिवस फक्त ट्रॅकपॅड, माऊस खणात टाका, मग चार दिवस फक्त माऊस. विंडोजमध्ये टचपॅडच्या पानावरच माऊस जोडल्यावर टचपॅड चालू ठेवायचं का असं एक टिक आहे, मॅकवर तसलंच पॉइंटर कंट्रोलमध्ये आहे, माऊसच्या दिवसांत तिथून पॅड बंदच करून टाका म्हणजे हात चुकारपणा करणार नाही.

शेवटच्या दिवशी तीन कामं ठरवून करा: एका लांब लेखातून मधलाच एक शब्द निवडून ठळक करा, एका फोटोची बरोबर कडेला कडा लावून कापणी करा, आणि वीस टॅब उघडून त्यातले हवे ते पाच सोडून बाकी बंद करा. घड्याळ लावायचं तर लावा, पण मी जास्त लक्ष देतो ते कंट्रोल झेड (केलेलं मागे घेणं) किती वेळा दाबलं त्याकडे. वेग दोन्हीकडे हळूहळू येतो, पण चुका होत राहिल्या तर ते हत्यार आपल्या हातचं नाही.

ट्रॅकपॅडबद्दल एक बारकावा. पुष्कळ पॅड वरच्या कडेला बिजागरीसारखे बांधलेले असतात, म्हणून खालच्या बाजूला दाबले तर हलके आणि वर दाबले तर दगड. अशा पॅडवर अंगठा खाली टेकवून ठेवा, दाबायचं काम अंगठ्याचं, फिरायचं काम तर्जनीचं, म्हणजे माऊससारखीच कामाची वाटणी झाली. अॅपलनं २०१५ पासून मॅकबुकमध्ये न हलणारं पॅड दिलं, ते दबतच नाही, आत कंपन होऊन बोटाला क्लिक झाल्याचा भास होतो, लॅपटॉप बंद करून दाबून बघा, काचेवर बोट टेकवल्यासारखं लागतं. अशा पॅडवर कुठेही दाबा, सारखंच. म्हणून मित्राच्या लॅपटॉपवरून स्वतःच्या लॅपटॉपबद्दल मत बनवू नका, उलटही नको.

पाचवी पायरी: दुखतंय का ते बघा

संध्याकाळी कुठे दुखतंय यावरून बरंच कळतं. माऊसवाल्यांचा उजवा खांदा भरून येतो, आणि त्याला माऊसपेक्षा कीबोर्डच जास्त जबाबदार असतो. उजवीकडच्या आकड्यांच्या पट्ट्यामुळे माऊस लांब ढकलला जातो आणि हात दिवसभर बाहेरच्या बाजूला फाकलेला राहतो. आकडे फारसे लागत नसतील तर तो पट्टा नसलेला कीबोर्ड घ्या, किंवा फुकटात करायचं तर माऊस डाव्या हातात घेऊन बघा, आठवडाभर वेड्यासारखं वाटतं आणि मग जमतं. मनगट वर वाकवून तासन्‌तास ठेवू नका, ते हाताच्या रेषेत सरळ असावं आणि टेबलाच्या धारेवर रुतलेलं नसावं. माऊस हाताच्या मानानं लहान असेल तर बोटं आखडून धरली जातात, प्रवासासाठीचे चपटे माऊस रोज आठ तास वापरायला नसतातच. उभा माऊस, म्हणजे हस्तांदोलन करतो तसा हात धरायचा प्रकार, काहींना फार मानवतो, पण बारीक नेम धरायला सुरुवातीला त्रास देतो.

ट्रॅकपॅडवाल्यांचं दुखणं वेगळ्या ठिकाणी: तर्जनी, अंगठ्याचा तळ, आणि मान. मान अशासाठी की पॅड स्क्रीनला चिकटलेलं, पॅड हाताशी आणायचं तर स्क्रीन खाली जाते आणि आपण पोक काढून बसतो. लॅपटॉप उंचावर ठेवला तर पॅड हाताबाहेर जातं. इथे वेगळं, सुटं ट्रॅकपॅड नाहीतर माऊस लागतोच, त्याला इलाज नाही. आणि मुंग्या येणं, रात्री हात बधिर होऊन जाग येणं असं काही चालू असेल तर सेटिंगं खेळत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

माझं सध्या काय चाललंय? दोन्ही. उजव्या हाताला माऊस, लॅपटॉपचं पॅड डाव्या हाताला मोकळं. डाव्या हातानं दोन बोटांनी पान सरकवतो, उजव्यानं नेम धरतो, आणि चाक जवळजवळ वापरतच नाही. बघणाऱ्याला तबला वाजवल्यासारखं दिसतं म्हणे. सोफ्यावर बसलो की नुसतं पॅड, टेबलावर मॉनिटर लावला की दोन्ही. डोंगल मात्र आता माऊसच्या पोटातल्या खाचेत ठेवतो, ती खाच त्यासाठीच असते हे मला पहिलं डोंगल हरवल्यावर कळलं.